जोडीच्या बंदुका: नुसतं वजन सारखं असून भागत नाही

घरातली हातोडी घ्या, दांड्याला धरून फिरवा, मग उलटी करून लोखंडाकडून धरा आणि परत फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी हलकी वाटते ना? क्रिकेटवाले याला बॅटचा पिकअप म्हणतात, फिजिक्सवाले मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, आणि लंडनचे जुने बंदूकवाले हे नाव न घेताच, एका मालकासाठी बनवलेल्या जोडीच्या दोन्ही बंदुका हातात अगदी सारख्या फिराव्यात म्हणून महिनोन्महिने कानस घासत बसायचे.

मुळात जोडी लागायची कशाला? 19व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या बड्या लोकांची शिकार म्हणजे हाक्याची. हाकारे झाडीतून फेझंट (कोंबडीएवढा रानपक्षी) उठवणार, पक्षी डोक्यावरून भर्रकन जाणार, दुनळीत काडतुसं दोनच. म्हणून मागे एक माणूस दुसरी बंदूक भरून तयार, रिकामी घेतली की भरलेली हातात. आपल्याकडे व्हाइसरॉय होते ना रिपन, त्यांचा मुलगा तर दोनावर भागवायचा नाही, त्याच्याकडे पर्डी या लंडनच्या बंदूकवाल्यांच्या तीन बंदुका आणि मागे भरायला दोन माणसं!

आता गणित बघा. पक्षी ताशी 65 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 18 मीटर जातोय. छर्रे 30 मीटर जायला साधारण सेकंदाचा दहावा भाग घेतात, तेवढ्यात पक्षी पावणेदोन मीटर पुढे. म्हणजे नेम पक्ष्यावर धरला तर छर्रे त्याच्या मागून जाणार, बंदूक पक्ष्याच्या पुढे काढत फिरवत राहायची आणि फिरता फिरताच चाप ओढायचा. हे सगळं विचार करून होत नाही, हाताच्या सवयीने होतं. आणि दोन नंबरची बंदूक जरा जरी जड फिरली की सवय फसली.

बंदूक तीनेक किलोची असते. तोलबिंदूपासून 10 सेंटिमीटरवरचे 50 ग्रॅम उचलून 60 सेंटिमीटरवर नेले तर काट्यावर फरक शून्य, पण अंतराचा वर्ग होतो म्हणून फिरवताना त्या 50 ग्रॅमचा भार 36 पट. म्हणूनच दोन्ही दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचे लाकडी भाग, शक्यतो एकाच अक्रोडाच्या लाकडातले घ्यायचे, घनता आणि रेषा जुळाव्यात म्हणून. तरीही फरक राहिला तर दस्त्याला मागून भोक पाडून लाकूड काढायचं नाहीतर शिसं भरायचं. लोखंड आणि लाकूड बसवताना दिव्याची काजळी लोखंडावर धरायची, लाकडावर दाबायचं, जिथे काळं उमटलं तेवढंच तासायचं, परत काजळी, परत दाबायचं... बघणाऱ्याला वेड लागेल.

नळ्यांचं तर अजून भारी. स्फोटाचा दाब मागच्या टोकाला सगळ्यात जास्त म्हणून तिथे पत्रा जाड, त्यामुळे दोन नळ्यांची पोकळी मागे लांब-लांब आणि पुढे जवळ-जवळ. म्हणजे त्या समांतर नसतातच! त्या कोनात डाग देऊन जोडायच्या आणि 40 यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडतात का ते प्रत्यक्ष झाडून बघायचं.

एवढं सगळं झाल्यावर सोन्यात 1 आणि 2 आकडे बसवायचे.

पण मालक एकटाच फिरायला निघाला तर उचलणार कोणती? बहुतेक 1 नंबरच. ती जास्त झिजते, जुन्या काळ्या दारूची राख ओल धरते, नळीत आतून गंजाचे खड्डे पडतात, मग कोणीतरी ते घासून साफ करतं. 12 बोअर या नेहमीच्या मापाची नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर, पण नोंदलेल्या मापापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर घासली गेली की ब्रिटिश नियमाने तिची दाबाची टेस्ट (नळी स्फोट झेलते का याची तपासणी) रद्द, परत करून घ्यावी लागते. शिवाय पुढच्या टोकाचं लोखंड कमी झालं म्हणजे ती आता हलकी फिरणार. पेटीत दोघी अजून शेजारी-शेजारी, आकडे तसेच चमकतायत, पण हातात घेतल्यावर जोडी राहिलेली नसते.