नागपूर ४४, मुंबई ३५, तरी जास्त हाल कोणाचे?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४४-४५ ला आणि मुंबईचा ३५ ला, तरी घामाने निथळतो तो मुंबईवालाच, आणि नागपूरकर दुपारी कूलरसमोर गार हवेत पडलेला असतो. तोच कूलर दादरला आणून लावा, खोलीत नुसती चिकचिक होईल.

कारण एकच, पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. कूलरची गवताची जाळी, माठ, पूर्वीचे पाणी मारलेले वाळ्याचे पडदे आणि आपला घाम, सगळं यावरच चालतं. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते, दमट असेल तर घाम नुसता ओघळतो आणि अंग काही गार होत नाही.

हे कळायची सुरुवात जरा विचित्रच आहे. १७७५ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर मित्रांना घेऊन तापवलेल्या खोलीत शिरला, खोली जवळपास १२७ अंशांवर, तिथे अंडी शिजली, मांस शिजलं आणि ही मंडळी काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आली! हवा कोरडी होती म्हणूनच. (घरी करून बघू नका.)

मग १९०५ मध्ये जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणीतल्या गरमीचा अभ्यास केला आणि सांगितलं की नुसता थर्मामीटर बघून उपयोग नाही, त्याच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून येणारा आकडा बघा. वारा नसताना हा ओला आकडा ३१ च्या वर गेला की अंगातलं तापमान चढायला लागतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात कामाचा माणूस हाच. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन मरीन सैनिक ट्रेनिंगमध्ये ऊन लागून पडायला लागले तेव्हा याच ओल्या आकड्यात ऊन आणि वारा धरून नवीन मोजमाप काढलं गेलं, आणि १९७९ मध्ये स्टेडमन नावाच्या संशोधकाने जे गणित मांडलं त्यातून हीट इंडेक्स आला, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला किती गरम वाटतं तो आकडा.

आपल्याकडे मात्र उष्णतेच्या लाटेचा निकष मुळात कमाल तापमानाचाच, मैदानात किमान ४०, किनाऱ्यावर ३७. अहमदाबादने २०१० च्या मे मधल्या ४६.८ अंशांनंतर २०१३ ला हीट ॲक्शन प्लॅन केला, तो चांगलाच, पण ती कोरडी गरमी. आपल्याला दणका बसला १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये, भर उन्हात उघड्या मैदानावर कार्यक्रम आणि उष्माघाताने १४ जण गेले, पारा तर चाळिशीच्या खालीच होता. त्याच महिन्यात हवामान खात्याने हीट इंडेक्सचे नकाशे द्यायला सुरुवात केली, तेही प्रायोगिक म्हणून.

आणि हो, पाऊस सुरू झाला की नागपुरातला कूलरही मुंबईसारखाच वागायला लागतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून पंखाच बरा.