वाद्यवृंदाच्या वर उमटणारा गळा

मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात १७७८ पासून ऑपेरा रंगतो आहे. समोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक, सज्जांच्या रांगांवर रांगा, आणि गायकापुढे माइक नाही. आपले संगीत नाटकांतले नटही माइकशिवाय गात, पण त्यांच्या साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढेच असे. इथे साठ-सत्तर वाद्यांशी एकट्या गळ्याची गाठ असते.

नुसत्या जोराने हे साधत नाही. वाद्यवृंदाचा आवाज ४५०-५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास सर्वांत भरदार असतो. त्याच्या वर तो ओसरत जातो. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की तयार पुरुष गायकांच्या आवाजात ३००० हर्ट्झजवळ ऊर्जेचा ठळक उंचवटा असतो. वाद्ये जिथे क्षीण होतात, नेमका तिथे. शिवाय त्याच पट्ट्यात माणसाचा कानही तिखट असतो.

हा उंचवटा घशाच्या आकारातून येतो. जांभई देताना उतरते तसे स्वरयंत्र खाली उतरते आणि घसा रुंदावतो. स्वरतंतूंच्या लगेच वरची छोटी नळी मात्र चिंचोळीच राहते. तिचे तोंड घशाच्या रुंदीच्या, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळाच्या, सहाव्या हिश्शाहून लहान राहिले, की ती स्वतंत्रपणे घुमू लागते. रुंद घशातून आवाजाला खोली मिळते, चिंचोळ्या नळीतून धार. इटालियन गुरू या जोडीला ‘कियारोस्कुरो’ म्हणतात: उजेड आणि अंधार. चित्रकलेतला हा शब्द त्यांनी मोजमापाची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी, केवळ कानाच्या भरवशावर गळ्याला लावला. मला याचे फार अप्रूप वाटते.

त्याखाली श्वासाचा आधार हवाच. त्याचे नाव ‘आपोज्जो’. बरगड्या फुललेल्या ठेवून हवा जपून सोडायची. सूर लावला, की त्यात सेकंदाला पाच ते सात बारीक हेलकावे येतात.

स्त्रियांच्या उंच पट्टीत, सोप्रानोत, ३००० हर्ट्झजवळच्या उंचवट्याची युक्ती फारशी कामाची नाही. तारसप्तकातल्या ‘सी’ या पाश्चात्त्य सुराला मूळ स्वरच १००० हर्ट्झच्या पुढे गेलेला असतो. तिथे गायिका जबडा मोठा उघडते आणि मुखपोकळीचा अनुनाद थेट त्या स्वराशी जुळवून घेते. आवाज एकदम फुलतो, पण ‘अ’, ‘आ’, ‘ई’ अशा स्वरवर्णांची ओळख पुसट होते. त्या उंचीवर शब्द कळला नाही, तर तिचा उच्चार सैल समजू नका. तिथे ‘ई’ आणि ‘आ’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात.