मोटरचा आकार आणि अश्वशक्ती : पार्श्वभूमी

मोटर जितकी मोठी तितकी तिची अश्वशक्ती अधिक, हा समज अर्धाच खरा आहे. आकारमानावरून अंदाज येतो तो टॉर्कचा, म्हणजे शाफ्टला फिरवणाऱ्या जोराचा. त्याला वेगाने गुणले की शक्ती मिळते. म्हणूनच ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर '१३२ एम' या एकाच फ्रेममध्ये (मोटरच्या सांगाड्याच्या ठरावीक मापात) मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास चालणारी चार चुंबकीय ध्रुवांची मोटर साधारणपणे ७.५ किलोवॉटची असते, तर निम्म्या वेगाची आठ ध्रुवांची मोटर ३ किलोवॉटचीच भरते.

टॉर्क ढोबळमानाने रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, व्यासाचा वर्ग आणि लांबी यांच्या गुणाकाराइतक्या प्रमाणात वाढतो. त्याला दोन मर्यादा आहेत. लोखंड ठरावीक चुंबकत्वापलीकडे संपृक्त होते, आणि तांब्यातून वाहणारी वीज उष्णता निर्माण करते. पहिली मर्यादा शंभर वर्षांत फारशी हललेली नाही. दुसरी मात्र सतत मागे सरकत गेली.

अभियंते दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ च्या सुमारास पिंजरा-रोटरची (पिंजऱ्यासारख्या सळयांचा रोटर असलेली) त्रिकला, म्हणजे तीन फेजची, मोटर बनवली, तेव्हा वाइंडिंगभोवती (तारेच्या वेटोळ्यांभोवती) सूत, रेशीम आणि कागद गुंडाळला जाई. या जातीच्या इन्सुलेशनला, वार्निशमध्ये भिजवल्यानंतरही, १०५ अंश सेल्सिअसच्या वर नेता येत नव्हते. पुढे अभ्रक, काचेचे धागे आणि कृत्रिम रेझिन आले व ही मर्यादा इन्सुलेशनच्या 'बी' वर्गात १३०, 'एफ' मध्ये १५५ आणि 'एच' मध्ये १८० अंशांपर्यंत पोहोचली. तारेवरचा मुलामा पातळ झाल्याने त्याच खाचेत अधिक तांबे मावू लागले. पंख्यांची आणि बाहेरच्या पट्ट्यांची रचनाही सुधारली. १८९७ मधील ७.५ अश्वशक्तीच्या मोटरच्या बैठकीवर आज १०० अश्वशक्तीची मोटर बसते, असे जे सांगितले जाते, त्यामागे मुख्यतः उष्णतेशी झालेली ही झुंज आहे.

अमेरिकेतील 'नेमा' या उत्पादकांच्या संघटनेने १९५२ आणि १९६४ मध्ये फ्रेमची मापे दोनदा घटवली. १,८०० फेऱ्यांची १० अश्वशक्तीची मोटर २५६यू वरून २१५टी फ्रेमवर आली आणि पायापासून शाफ्टच्या मध्याची उंची ६.२५ इंचांवरून ५.२५ इंच झाली. जुन्या जागी नवी मोटर बसवणाऱ्यांना खाली जोडपट्टी द्यावी लागे, ही या प्रगतीची जरा त्रासदायक बाजू.

त्यानंतर कार्यक्षमतेचा आग्रह वाढला, आणि २००८ मध्ये 'आयईसी' या विद्युत मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मोटरच्या कार्यक्षमतेचे 'आयई' वर्ग ठरवून दिले. विजेचा अपव्यय टाळायचा तर तांबे आणि लोखंड दोन्ही जास्त लागतात. त्यामुळे वरच्या वर्गातील मोटर तेवढ्याच शक्तीच्या जुन्या मोटरपेक्षा अनेकदा लांब आणि जड असते.