क्रोशाची नाडीची पिशवी (बेळगाव सीमाभाग)

सुती दोऱ्याने क्रोशाच्या सुईवर विणलेली, तोंडाशी ओवलेली नाडी ओढून बंद करायची पिशवी. लहान असेल तर तिला बटवा म्हणतात. भाजी-किराण्यासाठी मोठी विणली की ती नुसती ‘क्रोशाची पिशवी’ होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी घरांत क्रोशाचे काम परके नाही. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, रुखवतात मांडलेले ताटाभोवतीचे महिरप अशा रूपांत ते पूर्वीपासून दिसते. त्या मानाने पिशवी साधी आणि रोजच्या कामाची.

पहिल्यांदा सुई हातात धरणाऱ्याने तोरणापेक्षा पिशवीपासूनच सुरुवात करावी. तोरणाचा दोरा बारीक असतो आणि नमुना मोजून घालावा लागतो. एक खांब, म्हणजे उभा टाका, कमी पडला की पुढचे फूल वाकडे येते. पिशवी कुणाच्या अंगाला बसवायची नसते. ती गोल फेऱ्यांत विणली जाते, त्यामुळे शिकाऊ हाताचा नेहमीचा घोटाळा, म्हणजे ओळीच्या टोकाचा टाका सुटून कापड निमुळते होत जाणे, इथे उद्‌भवतच नाही. शिवाय क्रोशात एका वेळी सुईवर एकच जिवंत, म्हणजे अजून न अडकवलेला, टाका असतो. चुकले तर सुई काढून दोरा ओढायचा, चुकीच्या जागेपर्यंत उसवायचे आणि तिथून पुन्हा विणायचे. दोन सुयांवरच्या विणकामात सुटलेले टाके पुन्हा सुईवर घेताना नवख्याची जी तारांबळ होते, ती इथे होत नाही.

नावे

‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला; तिथे त्याचा अर्थ लहान आकडा. सुईच्या टोकाला असतो तोच. छापील नमुने युरोपात एकोणिसाव्या शतकात मिळू लागले; नेदरलँड्समधल्या ‘पेनेलोप’ या मासिकाने १८२३ साली दिलेले नमुने सर्वांत जुन्या नमुन्यांत मोजले जातात. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात असंख्य कुटुंबांनी क्रोशाच्या लेसवर पोट भरले. नाडीच्या पिशवीला मात्र युरोपातून येण्याची गरज नव्हती. पैशांचा कसा, पान-सुपारीची चंची आणि बटवा या तीन कापडी वस्तू आपल्याकडे आधीपासून होत्या. चंचीला कप्पे असत, ती गुंडाळून दोरीने बांधत. बटव्याचे तोंड दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढून आवळत. आजीबाईच्या बटव्यात औषधे असत ती याच आवळलेल्या तोंडाच्या भरवशावर.

सीमाभागात या वस्तूंची नावे दोन भाषांत एकमेकांच्या शेजारी नांदतात. मराठी चंची, कन्नड संची. मराठी नाडी, कन्नड लाडी. मराठी घरात ओटी भरतात, कन्नड घरात उडी तुंबतात, आणि दोन्हीकडे तांदूळ-खोबऱ्यासाठी हाताशी पिशवी लागतेच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण म्हणून भरपूर बटवे विणून लुटणाऱ्या बायका आहेत. अशा वाणासाठी चार बोटे रुंदीचा बटवा पुरतो. एकदा हात बसला की तो एका बैठकीत विणून होतो.

दोरा

पिशवीसाठी सूतच हवे. लोकर ताणली की परत आकसते, ॲक्रिलिक मऊ असते पण ओझ्याने लांबत जाते. सूत ओढ सहन करते आणि ओले झाले की आणखी मजबूत होते. धुण्याच्या वस्तूला याहून चांगला गुण कोणता? सुताचा दोष एवढाच की पहिल्या धुण्यात ते थोडे आटते. म्हणून पिशवी मापापेक्षा किंचित मोठी विणावी.

दुकानात चार पदरी आणि आठ पदरी, म्हणजे ‘फोर प्लाय’ आणि ‘एट प्लाय’, सूत मिळते. नवख्याने आठ पदरी, पिळदार आणि फिक्या रंगाचे घ्यावे. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाक्याचे घर दिसत नाही, आणि दिव्याखाली विणताना डोळे शिणतात. चकाकणारा मर्सराइज्ड दोरा कॉस्टिक सोड्यात प्रक्रिया केलेला असतो. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ च्या सुमारास शोधलेल्या या रीतीने रंग खुलतो; झळाळी मात्र पुढे सूत ताणून धरून ही प्रक्रिया करू लागल्यावर आली. बटव्याला तो शोभतो. भाजीच्या पिशवीला साधे सूत चांगले, कारण ते हातात घसरत नाही.

सूत हा या जिल्ह्याचा जुना ओळखीचा माल आहे. सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्गच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो. गोकाकला घटप्रभेच्या धबधब्याजवळ १८८० च्या दशकात सूतगिरणी उभी राहिली. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकरांची वस्ती आहे. मागावरचे सूत क्रोशाला थेट चालत नाही, ते फार बारीक असते. सुताचा नंबर म्हणजे ८४० यार्डांच्या किती लडी मिळून एक पौंड वजन भरते तो आकडा. नंबर मोठा तितके सूत बारीक. दुपदरी २० नंबरचे सूत आठ पदर एकत्र धरले तर आठ प्लायच्या जवळ जाते. हात बसलेल्या बाईला ही काटकसर जमते. नवख्याची सुई मात्र एखादा पदर सोडून देते आणि टाका फाटका दिसतो, म्हणून पहिल्या पिशवीला हा प्रयोग करू नये.

आठ पदरी दोऱ्याला ३.५ मिमी. ची सुई बरोबर बसते. हात घट्ट असेल तर ४ मिमी. घ्यावी. तोरणाची पोलादी सुई या कामाला निरुपयोगी. तिच्या टोकात जाड दोरा मावत नाही.

टाके

चार टाक्यांत सगळी पिशवी होते. सरकगाठ घालून दोरा सुईवर घ्यायचा, पुन्हा दोरा घेऊन गाठीतून ओढायचा, ही एक साखळी. सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढला की सुईवर दोन फासे होतात. दोरा घेऊन दोन्हीतून एकदम ओढला की मुका खांब. सुई टाक्यात घालण्याआधीच एकदा दोरा घेतला तर सुईवर तीन फासे येतात. ते दोन-दोन करून सोडवले की खांब. आणि फेरी जोडायला स्लिप स्टिच, ज्यात बाहेर काढलेला फासा थेट सुईवरच्या फाशातून ओढून घेतात.

मोबाइलवर इंग्रजी नमुने पाहून शिकणाऱ्यांची इथे मोठी फसगत होते. अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ तोच ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. नमुना कुठला हे न पाहता विणले तर पिशवी दुप्पट उंच तरी होते किंवा निम्मी तरी. मुका खांब आणि खांब ही आपली नावे या घोटाळ्यापासून मुक्त आहेत. नमुना वाचताना आधी कागदावर ती लिहून काढावीत.

विणण्याची रीत

दोन साखळ्या घालून, आधी घातलेल्या साखळीत सहा मुके खांब विणतात. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एक सोडून एका टाक्यात दोन, म्हणजे अठरा. पुढे दर फेरीला सहाच टाके वाढवत जायचे: २४, ३०, ३६. मुका खांब जितका रुंद असतो जवळपास तितकाच उंच असतो. त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सहा-सव्वासहा टाक्यांनी वाढतो, आणि म्हणूनच सहाचा हिशेब जमतो. वाढ कमी पडली तर तळ वाटीसारखा वर उचलला जातो, जास्त झाली तर कडेला झालर पडते. तळ टेबलावर ठेवून दर दोन फेऱ्यांनी पाहावे. सपाट बसला पाहिजे. वाढीचे टाके दर फेरीला एकाच्या डोक्यावर एक आले तर गोलाऐवजी षट्कोन दिसू लागतो. एका फेरीत वाढ आधी, पुढच्या फेरीत मध्ये, असे सरकवले की आकार गोल राहतो.

फेरीचा पहिला टाका ओळखण्यासाठी त्यात सेफ्टी पिन अडकवावी. हे अनेकांना उगीच वाटते. पण पिनेशिवाय मोजत बसणाऱ्या नवख्याची बहुतेक उसवाउसव याच एका कारणाने होते, इतके ते महत्त्वाचे आहे.

भाजीच्या पिशवीला सोळा फेऱ्यांचा, ९६ टाक्यांचा तळ पुरतो. सेंटिमीटरला दोन टाके या हिशेबाने परीघ ४८ सेंमी. आणि तळाची रुंदी सुमारे १५ सेंमी. होते. हाताच्या ओढीप्रमाणे यात फरक पडेल. त्यानंतर वाढ थांबवायची. वाढ थांबली की विण आपोआप उभी राहू लागते आणि भिंत सुरू होते; शिकणाऱ्याला सर्वांत जास्त आनंद होतो तो याच फेरीला. सहा फेऱ्या मुक्या खांबाच्या घट्ट विणाव्यात, कारण ओझे तळाशी बसते. मग जाळी: एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा एक खांब. पुढच्या फेरीत खांबावर खांब. खांबाच्या फेरीची सुरुवात तीन साखळ्यांनी होते आणि त्या एका खांबाच्या जागी धरल्या जातात. जाळीत एक साखळी जास्त, म्हणून चार. शेवटी स्लिप स्टिचने तिसऱ्या साखळीला जोडायचे. चौथीला जोडले तर सांधा तिरका चढत जातो.

जाळीच्या पंधरा फेऱ्या पुरे. इथे हात आवरावा लागतो, कारण जाळी ओझ्याने खाली ओढली जाते. रिकामी असताना २२ सेंमी. दिसणारी पिशवी बटाटे भरल्यावर आणखी लांबते, आणि चालताना पायाला लागणारी पिशवी कुणी दुसऱ्यांदा बाजारात नेत नाही. बटाटे, रताळी, कांदे यांना जाळी उत्तम; हवा लागते आणि माती झडून जाते. तांदूळ-डाळीसाठी मात्र सगळी भिंत मुक्या खांबाचीच विणावी, किंवा आतून कापडाचे अस्तर लावावे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण या कामाला फार सुंदर दिसतो. चोळीतून उरलेला तुकडा बटव्याला सहज पुरतो. दोरा मात्र १०० ते १५० ग्रॅम लागेल असे धरून एकाच वेळी घ्यावा. दुसऱ्यांदा आणलेल्या गुंडीचा रंग क्वचितच जुळतो.

नाडी

पिशवीचे यश नाडीवर. जाळी संपल्यावर तीन फेऱ्या मुक्या खांबाच्या घालून पुन्हा एक फेरी ‘एक खांब, एक साखळी’ अशी विणतात. ती नाडीची घरे. वर दोन फेऱ्या मुक्या खांबाच्या घातल्या की काठ दुमडत नाही.

पुष्कळ जणी इथे एकच नाडी ओवतात. तोंड आवळते खरे, पण एका बाजूला चुण्या जमा होतात आणि पिशवी कलते. बटव्याची जुनी रीत दोन नाड्यांची आहे आणि तीच बरोबर आहे. पहिली नाडी उजवीकडून घालून, एका घरातून आत, दुसऱ्यातून बाहेर, अशी पूर्ण फिरवून उजवीकडेच काढायची व टोके गाठायची. दुसरी तशीच डावीकडून घालून डावीकडे. आता दोन्ही बाजू एकदम ओढल्या की तोंड मध्यावर मिटते, आणि दोन गाठींचे दोन बंद हातात येतात. घरांची संख्या सम असावी लागते, नाहीतर नाडीचे एक टोक बाहेर येते आणि दुसरे आत राहते. वरच्या हिशेबात घरे ४८ येतात, त्यामुळे अडचण नाही. ओवायला परकराच्या नाडीसारखीच सेफ्टी पिन वापरायची.

नाडी साखळीचीही चालते, पण नुसती साखळी ताणून बारीक होत जाते. तिच्यावरून परत स्लिप स्टिचची एक ओळ घालावी. त्याहून टिकाऊ म्हणजे पिळाची दोरी. हव्या लांबीच्या तिप्पट दोऱ्याचे चार-पाच पदर घेऊन एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचे, दुसरे घट्ट पीळ बसेपर्यंत फिरवायचे, मग मध्ये धरून दुमडायचे. दोन्ही भाग आपणहून एकमेकांवर गुंडाळले जातात. या पिशवीला प्रत्येकी ८० सेंमी. च्या दोन दोऱ्या लागतात, म्हणजे एका दोरीसाठी पदर २४० सेंमी. लांब घ्यावे.

वापर व निगा

कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षे दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक नियम होता आणि कोल्हापूरच्या बाजूला दुसरा. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभरच १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना मनाई आहे. कापडी पिशवी स्वस्त आणि शिवायला सोपी, हे मान्य करायला हवे. क्रोशाच्या पिशवीला वेळ जास्त लागतो. पण जाळीची पिशवी मुठीत मावते, पर्समध्ये पडून राहते, आणि म्हणून बाजारात गेल्यावर ती जवळ असते. घरी राहिलेल्या चांगल्या पिशवीपेक्षा तिचा उपयोग अधिक.

रंगीत पिशवी पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवावी. वाळवताना दोरीवर लटकवू नये. ओल्या सुताच्या वजनाने जाळी कायमची लांबते. सपाट पसरावी. खानापूरकडच्या पावसात हे अवघड असते. सह्याद्रीच्या कडेला जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट राहते की अर्धवट सुकलेली पिशवी कपाटात घडी घालून ठेवली तर चार दिवसांत काळे ठिपके पडतात, आणि सुतावरची बुरशी सहसा पूर्ण निघत नाही. त्या दिवसांत ती चुलीच्या किंवा फ्रिजच्या मागच्या उबेला टाकणे बरे.

झिजते ती आधी नाडी, मग तळाचा मधला गोल. नाडी काढून नवी ओवता येते. तळाला भोक पडू लागले तर त्या जागेवर त्याच दोऱ्याचा चार-पाच फेऱ्यांचा वेगळा गोल विणून आतून टाचतात. म्हणून पिशवी विणून झाली की उरलेली छोटी गुंडी फेकू नये, त्याच पिशवीत ठेवावी.