खाणीतून भाड्याच्या घरात: युरोपच्या हवामान धोरणाची पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक मोटारीत एक झळकते पिवळे जाकीट ठेवावे लागते. गाडी रस्त्यात बंद पडली तर ते अंगात घालूनच खाली उतरायचे. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी खेड्यांतले आणि लहान शहरांतले लोक तीच जाकिटे घालून चौकाचौकांत उभे राहिले. निमित्त होते हवामान धोरणाखाली इंधनावर वाढवल्या जाणाऱ्या कराचे. जानेवारीपासून डिझेल लिटरमागे साडेसहा सेंटने महागणार होते, पेट्रोल सुमारे तीन सेंटने. आकडा किरकोळ वाटेल, पण कामावर, बाजाराला, दवाखान्यात जायला ज्यांना डिझेलच्या गाडीवाचून इलाज नाही त्यांच्यासाठी तो किरकोळ नव्हता. शिवाय त्याच वर्षी सरकारने श्रीमंतांवरचा संपत्तिकर स्थावर मालमत्तेपुरताच ठेवला होता. शेअर आणि ठेवी सुटल्या. ‘त्यांना जगाच्या अंताची चिंता, आम्हाला महिनाअखेरीची,’ असे आंदोलक म्हणू लागले. डिसेंबरात करवाढ मागे घ्यावी लागली.

त्याच डिसेंबरात, २१ तारखेला, जर्मनीतल्या बोट्रॉप इथे देशातली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली. कामगारांनी वर आणलेला अखेरचा कोळसा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. डोळे पाणावले, पण दगडफेक झाली नाही. कारण साधे होते: खाणी बंद करण्याचा निर्णय २००७ मध्येच कामगार संघटनांना सोबत घेऊन झाला होता आणि सक्तीची कपात न करता अकरा वर्षांत माणसे हळूहळू कमी केली गेली होती.

ही रीत युरोपला नवी नव्हती. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद समुदायाचा करार केला, त्यातच विस्थापित कामगारांची तरतूद होती: काम मिळेपर्यंत भत्ता, नवे प्रशिक्षण, बिऱ्हाड हलवण्याचा खर्च. पैसा उभा राहायचा तो कोळसा-पोलादाच्या उत्पादनावरच बसवलेल्या आकारातून, आणि एरवी संबंधित देशानेही तेवढीच भर घालायची होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या खाणी तोट्यात जाऊन बंद पडू लागल्या तेव्हा हा पैसा कामी आला. खाणकामगाराचे नाव हजेरीपटावर असते, त्याची संघटना असते, त्यामुळे नुकसान कोणाचे हे शोधत बसावे लागत नाही.

हवामान धोरणाने वेगळी वाट धरली, तीही काहीशी नाइलाजाने. १९९२ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने, कार्बन आणि ऊर्जेवर सामाईक कर सुचवला होता. पण करविषयक निर्णयाला सर्व देशांची संमती लागते, आणि ती मिळाली नाही. मग बहुमताने मंजूर होऊ शकेल असा मार्ग निघाला: प्रदूषणाच्या परवान्यांचा बाजार. जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढे परवाने हवेत, आणि ते विकता-विकत घेता येतात. तो २००५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला वीज कंपन्यांना बहुतेक परवाने फुकट मिळाले, तरी त्यांनी परवान्यांची बाजारातली किंमत वीजदरात धरली. फुकट मिळालेल्या वस्तूचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणे हा प्रकार २०१३ पर्यंत चालला. त्यानंतर वीज क्षेत्रासाठी लिलाव हा नियम झाला. माझ्या मते सामाजिक न्यायाचा पहिला घोटाळा इथे झाला. फ्रान्समधल्या चौकांत तो लोकांच्या नजरेस आला एवढेच.

डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष उर्झुला फॉन डेर लायन यांनी ‘युरोपियन ग्रीन डील’ हा हवामान धोरणाचा आराखडा मांडला आणि कोणालाही मागे सोडणार नाही अशी ग्वाही दिली. पाठोपाठ न्याय्य संक्रमण निधी आला, २०१८ च्या किमतींनुसार साडेसतरा अब्ज युरोंचा. त्याचा रोख पुन्हा कोळसा आणि जड उद्योगांच्या पट्ट्यांकडेच होता. ते ओळखीचे काम होते.

अनोळखी काम २०२१ मध्ये समोर आले. घरे तापवणे आणि रस्त्यावरची वाहतूक यांच्यासाठी दुसरा परवाना बाजार उभारायचा प्रस्ताव आला. परवाना इंधन विक्रेत्याने घ्यायचा, पण भार जाणार घराघरांत. इथे हजेरीपट नाही आणि संघटनाही नाही. जुन्या इमारतीतल्या भाडेकरूचेच पाहा. बॉयलर घरमालकाचा, भिंतीही त्याच्याच. बिल मात्र भाडेकरू भरतो. जर्मनीत २०२१ पासून घरगुती इंधनावर राष्ट्रीय कार्बन आकार सुरू झाला, तेव्हा तो सगळा भाडेकरूच्या माथी गेला. १ जानेवारी २०२३ पासून त्याची दहा पायऱ्यांत वाटणी झाली: उष्णता वाया घालवणाऱ्या सर्वांत वाईट इमारतीत ९५ टक्के मालकाने भरायचे, उत्तम इमारतीत सगळे भाडेकरूने. युरोपातल्या एवढ्या गाजावाजाच्या घोषणांपेक्षा हा कोरडा तक्ता मला जास्त न्यायाचा वाटतो.

तोवर युक्रेन युद्धाने गॅस महागला होता. युरोपीय संघात घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ६.९ टक्के होते, ते २०२३ मध्ये १०.६ टक्क्यांवर गेले. याच काळात नव्या बाजारासोबत, भार न पेलणाऱ्या कुटुंबांना मदत करणाऱ्या सामाजिक हवामान निधीचा कायदा झाला: २०२६ ते २०३२ या काळात जास्तीत जास्त ६५ अब्ज युरो. मदत आधी आणि भार नंतर, असा क्रम मुद्दाम ठेवला होता. बाजाराची तारीख २०२७ होती, ती आता २०२८ वर गेली आहे. निधी कसा वापरणार याचे आराखडे मात्र देशांनी जून २०२५ अखेर द्यायचे होते, आणि ती मुदत बहुतेकांनी चुकवली.