काइल, जॅक

काइल, जॅक : (१९२६–२८ नोव्हेंबर २०१४). आयर्लंडचे रग्बीपटू व शल्यचिकित्सक. पूर्ण नाव जॉन विल्सन काइल. जन्म बेलफास्टचा. तेथील क्वीन्स विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच १९४७ मध्ये ते राष्ट्रीय संघात आले आणि १९५८ पर्यंत ४६ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. राजकीय फाळणीनंतरही उत्तर व दक्षिण आयर्लंडचा रग्बी संघ एकच राहिला. त्यामुळे बेलफास्टचे काइल डब्लिनकरांनाही आपलेच वाटत.

त्यांची जागा फ्लाय-हाफची, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणाऱ्या गड्याची. स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्डच्या (आघाडीच्या गड्यांच्या) रेटारेटीतून, निघालेला चेंडू हाती येतो तेव्हा समोरचे गडी अंगावर धावून येत असतात; लाथ मारायची, सोबत्याकडे टाकायचा की घेऊन पळायचे, हे त्या क्षणीच ठरवावे लागते. काइल बराच वेळ साधा पास, साधी किक एवढेच करीत. पहारा जरा सैलावला, की हुलकावणी देऊन फटीतून निसटत.

१३ मार्च १९४८ रोजी बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर आयर्लंडने वेल्सला ६–३ असे हरवले. ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे; तेव्हा एका ट्रायचे तीनच गुण मिळत. आयर्लंडकडून बार्नी मलन व जॅक डेली यांनी, तर वेल्सकडून ब्लेडिन विल्यम्सने ट्राय केली. सामना संपताच लोकांनी डेलीला उचलून घेतले आणि आठवण म्हणून त्याच्या जर्सीच्या चिंध्या नेल्या. फाइव्ह नेशन्स या इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड व फ्रान्स यांच्या वार्षिक स्पर्धेतले चारही सामने जिंकून मिळवलेला आयर्लंडचा हा पहिला ग्रँड स्लॅम. या विजयाचे श्रेय काहीजण एकट्या काइल यांना देतात. ते संघातल्या आडदांड फॉरवर्डवर अन्याय करणारे आहे.

१९५० मध्ये काइल लायन्स या ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघातून न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाला गेले. बोटीने झालेला लायन्सचा हा शेवटचा दौरा. न्यूझीलंडमधील मालिका लायन्स हरले, पण डनीडनची पहिली कसोटी ९–९ अशी बरोबरीत सुटली. त्यात काइल यांची एक ट्राय होती.

रग्बी तेव्हा हौशी खेळ होता. पोटापाण्याचा उद्योग वेगळा असे. सुमात्रात काही काळ काम करून काइल १९६६ मध्ये झांबियातील चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या गावी शल्यचिकित्सक म्हणून गेले आणि २००० पर्यंत तेथेच राहिले. म्हणजे शस्त्रक्रियागृहात ३४ वर्षे, आंतरराष्ट्रीय मैदानावर अकरा.

आयर्लंडला दुसरा ग्रँड स्लॅम २००९ मध्ये कार्डिफला मिळाला, पहिल्यानंतर ६१ वर्षांनी. त्या दिवशी ८३ वर्षांचे काइल प्रेक्षकांत बसले होते.