सोळा फूट सरकलेलं कुंपण

सॅन फ्रान्सिस्कोहून वायव्येला मोटारीनं तास-दीड तास गेलं की पॉइंट रेजचा समुद्रकिनारी राखीव प्रदेश लागतो. तिथल्या बेअर व्हॅली माहिती केंद्राशेजारून एक गोल पायवाट निघते: ‘अर्थक्वेक ट्रेल’. जेमतेम किलोमीटरभर लांब, सपाट, पक्की. बाबागाडीसुद्धा आरामात जाते. सह्याद्री तुडवलेल्या माणसाला हिला ट्रेक म्हणायची लाजच वाटेल. पण भूकंप म्हणजे काय हे आठ-दहा वर्षांच्या मुलांना समजावायला याहून चांगली वर्गखोली मला माहीत नाही.

कारण त्या वाटेवर एक लाकडी कुंपण आहे. सरळ येतं आणि मधेच तुटतं. पुढचा तुकडा सुरू होतो तो समोर नाही, सुमारे सोळा फूट बाजूला. १८ एप्रिल १९०६च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन अँड्रियास भ्रंश (म्हणजे खडकांतली लांबलचक चीर, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात) सरकला, तेव्हा इथल्या एका गोठ्याजवळचं कुंपण असं दुभंगलं होतं. आजचं कुंपण त्याच घटनेची खूण म्हणून पुन्हा उभारलेलं आहे आणि जमीन जिथून फाटली ती रेषा निळ्या खांबांनी दाखवली आहे.

मुलांना इथं आणणारे बरेच मोठे लोक पहिली चूक करतात ती फलकाशी. पृथ्वीचा छेद, भूपट्टांचा (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या, अवाढव्य तुकड्यांचा) नकाशा, बाण, ‘पॅसिफिक प्लेट’, ‘नॉर्थ अमेरिकन प्लेट’. दोन मिनिटांत अर्धी मुलं खारींच्या मागे लागतात. माझं मत स्पष्ट आहे: भूपट्ट शेवटी सांगावेत, आधी कुंपण मोजू द्यावं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकायची. लहान मुलाची दहा-अकरा पावलं होतात, बाबांची सहा-सात. एवढी जमीन एका मिनिटाच्या आत सरकली, हे कळल्यावर पुढचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

मग एक खेळ. निम्मी मुलं भ्रंशरेषेच्या या बाजूला, निम्मी पलीकडे. प्रत्येकानं समोर बघून सांगायचं, पलीकडचं कुंपण कुठल्या हाताला गेलंय? या बाजूची मुलं ओरडतात, “उजवीकडे!” पलीकडचीही ओरडतात, “उजवीकडे!” थोडा वेळ भांडण होतं. मग जागा बदलून पाहिलं की दोघंही खरे ठरतात. सॅन अँड्रियास हा उजवीकडे सरकणारा भ्रंश आहे: कुठल्याही काठावर उभे राहा, समोरचा काठ उजवीकडेच जातो. महाविद्यालयात व्याख्या पाठ करून येणारी ही गोष्ट दुसरीतलं पोर पाच मिनिटांत सिद्ध करतं.

आता खरा प्रश्न. जमीन सरकली, मान्य. पण का सरकली आणि त्याच दिवशी का? वाटेवरची एक वाळकी काडी उचलायची आणि हळूहळू वाकवायची. ती वाकते, वाकत राहते, काही होत नाही. मग काट्कन मोडते. दोन्ही तुकडे सरळ होतात आणि बोटांना झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या म्हणजे भूकंप. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे प्रदेश सतत सरकत असतात, पण भ्रंशाच्या जागी खडक एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यामुळे आजूबाजूची जमीन वाकते. पकड सुटली की वाकलेलं सारं एकदम सरळ होतं आणि साठलेली ऊर्जा लाटांच्या रूपानं बाहेर पडते.

ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१०मध्ये मांडली, तीही याच भूकंपाच्या अभ्यासातून. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीची मोजणी झाली होती. भूकंपानंतर तेच बिंदू पुन्हा मोजले, तेव्हा भ्रंशापासून बरेच लांब असलेले बिंदूही त्या काही दशकांत हळूहळू हलले असल्याचं दिसलं. एखादी चौकस मुलगी हमखास विचारते, “मग भूकंपाआधी कुंपण वाकडं का नव्हतं दिसत?” प्रश्न अगदी बरोबर आहे. ते वाकणं कित्येक किलोमीटरभर पसरलेलं असतं. एका कुंपणाच्या वाट्याला येणारा बाक डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. सर्वेक्षकाच्या दुर्बिणीला आणि आता जीपीएसला तेवढा दिसतो.

थोडं गणितही होऊन जाऊ दे. या भागात सॅन अँड्रियासवर वर्षाला साधारण २.४ सेंटिमीटर एवढी हालचाल साठत जाते. पाच मीटर साठायला किती वर्षं? दोनशेच्या आसपास. आणि १९०६पासून आतापर्यंत किती साठलं? जवळजवळ तीन मीटर. मुलं लगेच पुढच्या भूकंपाची तारीख काढायला बसतात. तिथं थांबवावं लागतं. जमीन वेळापत्रक पाळत नाही. दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर कधी बरंच कमी असतं, कधी बरंच जास्त.

१९०६मध्ये हा भ्रंश दक्षिणेला सान हुआन बाउटिस्टापासून उत्तरेला केप मेंडोसिनोपर्यंत, सुमारे ४७० किलोमीटर फाटला. कुंपण मोडलं ती त्या रेषेवरची एक जागा. सॅन फ्रान्सिस्को शहर त्यानंतरच्या आगीत जळालं, तीन हजारांहून अधिक माणसं गेली असा आजचा अंदाज आहे. इकडे पॉइंट रेज स्टेशनात उभी असलेली आगगाडी आडवी झाली. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तेव्हा बर्कलीत झोपलेले होते. भूकंप अनुभवायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. खाट हलायला लागल्यावर आपल्याला निखळ आनंद झाला असं त्यांनी लिहून ठेवलंय! नंतर त्यांनीच हा परिसर पायी फिरून तुटलेली कुंपणं आणि सरकलेले रस्ते मोजले, त्यांची छायाचित्रं काढली.

आणि गायीची गोष्ट. इथल्याच ओलेमा गावाजवळच्या एका गोठ्यातली गाय जमिनीत पडलेल्या भेगेत गडप झाली, शेपटी तेवढी बाहेर राहिली, अशी ती हकीकत. गिल्बर्ट यांच्या अहवालातही तिचा उल्लेख आहे. पुढे असं सांगितलं गेलं, की गाय आधीच मेलेली होती. आयती भेग दिसली म्हणून तिला त्यात लोटलं आणि बातमीदारांना गंमत म्हणून गोष्ट सांगितली. ही गोष्ट वगळू नये, कारण मुलांच्या मनातली सगळ्यांत मोठी भीती हीच असते. सीतेला धरणीनं पोटात घेतलं हे आपल्याकडच्या मुलांनी ऐकलेलंच असतं. भेगा पडतात, हे खरं. पण इथल्या भ्रंशाचे दोन काठ एकमेकांना घासत बाजूला जातात. माणसं गिळणारी दरी उघडून ठेवत नाहीत. जमीन गिळत नाही, घर पडतं. एवढं मनात बसलं, की हादरे बसताना खाली बसायचं, टेबलाखाली आडोसा घ्यायचा आणि टेबलाचा पाय धरून राहायचं, ही कॅलिफोर्नियातल्या शाळांची कवायत मुलांना पटते. डोंगरवाटेवर मात्र उलट: झाडं, कडे, विजेच्या तारा यांपासून दूर, मोकळ्यात. समुद्रकाठी असाल तर हादरे थांबताच उंचावर.

वेळ असेल तर मुलांना मान वर करून दोन्ही बाजूंचे डोंगर बघायला लावावेत. पश्चिमेच्या इन्व्हर्नेस डोंगररांगेवर दाट झाडी आणि खाली ग्रॅनाइट. पूर्वेच्या बोलिनास रांगेवर गवताळ उतार आणि अगदी वेगळे, समुद्रतळाशी जन्मलेले खडक. हा ग्रॅनाइट इथला नव्हेच. दक्षिणेकडून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून तो इथं आलाय, असेच दहा-पंधरा-वीस फुटांचे धक्के खात. दोन रांगांमधल्या दरीत दोन ओढे जवळजवळ समांतर वाहतात, पण विरुद्ध दिशांना: ओलेमा क्रीक उत्तरेला, पाइन गल्च क्रीक दक्षिणेला. भ्रंशानं चुरडलेल्या जमिनीत पाणी वाट कशी शोधतं, ते यातून दिसतं. भूपट्टांचा नकाशा काढायचा तो इथं. आता त्याला अर्थ आहे.

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या शहरांतल्या) मराठी घरांना एवढ्या लांब जायचीही गरज नाही. फ्रीमाँटमधून हेवर्ड भ्रंश जातो. त्याचा शेवटचा मोठा भूकंप १८६८चा. फ्रीमाँटच्या बार्ट रेल्वे स्टेशनाजवळच्या एका तळ्याच्या काठी खणलेल्या चरांमधून जुन्या भूकंपांचा माग काढला गेलाय. शेवटच्या पाचांमधलं सरासरी अंतर सुमारे १४० वर्षं निघालं. हा भ्रंश भूकंपाविनाही दर वर्षी काही मिलिमीटर सरकतो. हेवर्ड गावात एका कोपऱ्यावरची फूटपाथची कड त्यामुळे हळूहळू तुटत-सरकत गेली होती. भूवैज्ञानिक कित्येक वर्षं तिचे फोटो काढत होते. २०१६मध्ये पालिकेनं रस्तादुरुस्तीत ती कड काढून टाकली. कामगारांना काय ठाऊक, ते विज्ञानाचं उपकरण होतं!

तिथल्या मुलांचा शेवटचा प्रश्न बहुधा भारतातल्या आजीच्या गावाबद्दल असतो. आजी कराड-पाटणकडची असेल तर उत्तर सोपं नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. सॅन अँड्रियाससारखी तिथं दोन भूपट्टांची कड नाही. धरणाच्या जलाशयात पाणी भरू लागल्यावर तिथले हादरे वाढले. पाण्याचं वजन आणि खडकांच्या फटींत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या भ्रंशाला निमित्त दिलं, असं शास्त्रज्ञ मानतात. आणि तो भ्रंश डावीकडे सरकणारा! कॅलिफोर्नियात उजवीकडे ओरडलेल्या मुलांना हे सांगून बघा.

पण कोयनेत मुलांना मोजायला कुंपण नाही. दोनाचिवाड्याच्या परिसरात तेव्हा जमिनीला भेगा पडल्या होत्या. खरा भ्रंश मात्र काळ्या कातळाखाली दडलेला आहे. कोयना परिसरातल्या गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा लाव्हाचे थरच सव्वा किलोमीटर निघाले आणि त्याखाली ग्रॅनाइटचा पाया लागला. म्हणून इथली सहल घाटातून सुरू करावी. कुंभार्ली घाटाच्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक मोजता येतात. ते किती मोजले ते वहीत लिहायचं, मग सांगायचं, की असेच थर आपल्या पायाखालीही आहेत आणि भूकंप त्यांच्याही खाली होतो. कोयना परिसरात खोल विवरांमधून काढलेले खडकाचे लांबट गोल तुकडे अभ्यासासाठी जपलेले आहेत. त्यातला एखादा, वर बेसॉल्ट (लाव्हाचा काळा कातळ) आणि खाली ग्रॅनाइट दाखवणारा, पाटण तालुक्यातल्या शाळांत फिरला पाहिजे. मुलांनी तो हातात घेऊन बघावा, नखानं खरवडावा आणि त्याचं वजन किती ते एकमेकांत भांडून ठरवावं.